पुण्यातल्या लष्करी मुंग्या: डोरायलस, एनिक्टस आणि त्यांचे नकाशे

कीटकवही

जोरदार पाऊस सुरू झाला की सगळ्या गटांवर एकच फोटो फिरू लागतो आणि त्याखाली प्रश्न असतो, 'ही कुठली गांधीलमाशी?' तपकिरी-पिवळसर रंग, दोन-अडीच सेंटिमीटर लांबी, पोट जाड आणि लवदार, दिव्याखाली फरशीवर फडफडत गोल फिरणारी. ती गांधीलमाशी नाही. डोरायलस या लष्करी मुंगीचा, म्हणजे टोळीने शिकार करत भटकणाऱ्या मुंगीचा, तो नर आहे. त्याला नांगी नसते, कुठल्याच मुंगीच्या नराला नसते. मारू नका, कागदावर घेऊन बाहेर सोडा.

ही गल्लत फार जुनी आहे. खुद्द लिनिअसने 1764 मध्ये आफ्रिकेतल्या डोरायलसचा नर गांधीलमाश्यांच्या व्हेस्पा प्रजातीत (प्रजाती म्हणजे इथे जीनस, जवळच्या जातींचा गट) टाकला होता. फाब्रिसियसने 1793 मध्ये डोरायलस ही वेगळी प्रजाती केली, तीही नरावरूनच. पंख नसलेल्या आंधळ्या कामकरी मुंग्यांना वेस्टवुडने 1839 मध्ये टिफ्लोपोन असं नाव दिलं. राणी हाती लागली तेव्हा गेर्स्टेकरने 1863 मध्ये तिच्यासाठी डिक्थाडिया ही आणखी एक प्रजाती काढली. म्हणजे नर, कामकरी आणि राणी तीन वेगळ्या प्रजातींत राहत होते! तिघं एकत्र कधी सापडतच नव्हते, तर दुसरं काय होणार.

आज दक्षिण आणि आग्नेय आशियात डोरायलसच्या चार जाती मानतात: ओरिएंटॅलिस (वेस्टवुड, 1835), लॅबिएटस (शुकार्ड, 1840), लेव्हिगॅटस (स्मिथ, 1857) आणि विष्णुई (व्हीलर, 1913). बाकी जवळजवळ सगळं गोत आफ्रिकेत आहे. आपल्याला भारतात विचार करायचा तो पहिल्या दोघींचा. ओरिएंटॅलिस भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमारपासून दक्षिण चीनपर्यंत पसरली आहे. लेव्हिगॅटस मलेशिया, बोर्निओ, सुमात्रा, जावाकडची. विष्णुई म्यानमारमधून वर्णिली गेली.

धागा काढण्याचं कारण असं की आपल्या भागातल्या डोरायलसच्या नोंदी चाळल्या तर बहुतेक सगळ्या दिव्यावर आलेल्या नरांच्या आहेत. नकाशावर जे ठिपके दिसतात ते मुंग्यांच्या वसाहतींचे नाहीत, दिव्यांचे आहेत. वसाहत जमिनीखाली, आणि नर कुठून उडून आला ते ठाऊक नाही. मला या धाग्यात तीन गोष्टी एकत्र हव्या आहेत: कामकरी मुंगी खात्रीने कशी ओळखायची, ती जमिनीखालून कशी शोधायची, आणि नोंद कशी करायची म्हणजे ती दहा वर्षांनीही कुणाला वापरता येईल.

टेकडीवाला

चांगला विषय. वेताळ टेकडी आणि तळजाईवर पावसाळ्यात काळ्या, चकचकीत मुंग्यांची लांब रांग नेहमी दिसते. सात-आठ मिलिमीटरच्या, एका ओळीत, भरभर. रांगेत वाळवी उचलून नेताना पाहिल्या आहेत. त्या लष्करी मुंग्याच ना?

सूक्ष्मदर्शी

टेकडीवाला, त्या लेप्टोजेनिस आहेत, बहुधा लेप्टोजेनिस प्रोसेशनॅलिस (जेर्डन, 1851). पुण्याच्या टेकड्यांवर 'लष्करी मुंगी' म्हणून ज्या नोंदी होतात त्यात सगळ्यात जास्त घोळ हिचा आणि दुसऱ्या एका मुंगीचा असतो. लेप्टोजेनिसला डोळे असतात, चांगले मोठे, साध्या भिंगातून दिसतात. कंबरेला एकच गाठ. सगळ्या कामकरी एका मापाच्या. उपकुल पोनेरिनी. रांगेने शिकार करते, वसाहत हलवते, राणीलाही पंख नसतात, त्यामुळे वागणूक लष्करी मुंगीसारखी वाटते, पण नात्याने दूर.

दुसरी गफलत कॅरेबाराची, विशेषतः कॅरेबारा डायव्हर्सा. जुन्या पुस्तकांत ती फेडोलोजेटॉन या नावाने सापडेल. 2014 पासून ती प्रजाती कॅरेबारात विलीन झाली आहे. दोन-अडीच मिलिमीटरच्या बारक्या मुंग्यांच्या लोंढ्यात मध्येच दहा-पंधरा मिलिमीटरची मोठ्या डोक्याची मुंगी चालत असते आणि तिच्या अंगावर बारक्या बसलेल्या असतात. रांगेच्या दोन्ही बाजूंना मातीची भिंत, कधी वर छपरासारखं आच्छादन. फोटोत हे इतकं 'फौजेसारखं' दिसतं की बघणारा लगेच डोरायलस लिहितो. तिच्या कंबरेला दोन गाठी, स्पर्शिका 11 भागांची आणि टोकाला दोन भागांचा ठळक गदेसारखा फुगवटा. डोरायलसला असा फुगवटा नसतो.

आता खरी ओळख. आपल्या दोन्ही लष्करी प्रजाती, डोरायलस आणि एनिक्टस, पूर्ण आंधळ्या. डोळ्याच्या जागी ठिपकासुद्धा नाही. डोळा दिसला तर तिथेच थांबा, पुढे जायची गरज नाही. डोळा नसेल तर कंबर पाहा. एक गाठ म्हणजे डोरायलस, दोन गाठी म्हणजे एनिक्टस. मग माप. डोरायलसमध्ये एकाच वसाहतीत अडीच ते सहा मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या मुंग्या मिसळलेल्या असतात, मोठ्यांचं डोकं चौकोनी आणि जबडे आडवे-जाड. एनिक्टसमध्ये सगळ्या एका साच्यातल्या, सडपातळ, लांब पायांच्या, साधारण तीन मिलिमीटर. डोरायलसच्या पोटाच्या शेवटच्या पाठफळीवर एक दबलेली सपाट चकती असते आणि तिच्या कडांना बारीक टोकं. 40 पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ती एकदा नीट पाहिली की पुढे शंका येत नाही.

डोरायलसच्या आत जातीसाठी स्पर्शिकेचे भाग मोजायचे. ओरिएंटॅलिसमध्ये ते 9 असतात, लॅबिएटसमध्ये त्याहून जास्त. पण हे मोठ्या कामकरीवरच मोजा. बारक्या मुंगीवर भाग जोडलेले दिसतात आणि मोजणी चुकते. नेहमी तीन-चार मोठ्या मुंग्या घ्या.

मृद्गंध

एनिक्टसबद्दल सविस्तर लिहा ना. पुण्याच्या नावाची एक जात आहे असं वाचलं होतं.

सूक्ष्मदर्शी

आहे, मृद्गंध ताई. एनिक्टस पुनेन्सिस, फोरेलने 1901 मध्ये वर्णिली. ऑगुस्त फोरेल स्वित्झर्लंडमध्ये बसून काम करत होते आणि नमुने पाठवणाऱ्यांत मुख्य होते रॉबर्ट चार्ल्स रॉटन, मुंबई इलाख्यातले वन अधिकारी. फोरेलची ब्रिटिश भारत आणि सिलोनच्या मुंग्यांवरची लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1892 ते 1903 अशी चालली. त्यात 'पूना (रॉटन)' हा उल्लेख पुन्हापुन्हा येतो.

रॉटन यांचं यापेक्षा मोठं काम वेगळं आहे. एनिक्टस ही प्रजाती शुकार्डने 1840 मध्ये फक्त नरावरून केली होती. फ्रेडरिक स्मिथने 1857 मध्ये कामकरी मुंग्यांवरून टिफ्लाटा अशी वेगळी प्रजाती काढली. दोन्ही एकच आहेत हे रॉटन यांना दोघं एकत्र सापडल्यामुळे कळलं आणि फोरेलने 1890 मध्ये ते छापलं. म्हणजे कीटकवहींनी डोरायलसबद्दल सांगितलेला घोळ एनिक्टसमध्येही होता, आणि तो सुटला भारतात प्रत्यक्ष जागेवर केलेल्या पाहणीमुळे. संग्रहालयात बसून तो सुटला नसता.

एनिक्टसच्या जगभरात दोनशेच्या आसपास जाती आहेत. आफ्रिका, दक्षिण आशिया, आग्नेय आशिया आणि थेट ऑस्ट्रेलियापर्यंत. ई. ओ. विल्सन यांनी 1964 मध्ये इंडो-ऑस्ट्रेलियन भागाचा आढावा घेतला. अलीकडे थायलंडचे जायट्राँग आणि जपानचे यामाने यांनी लेव्हिसेप्स, सिलोनिकस असे जातिगट घेऊन एकेक गट नव्याने लावला. ओळखायचं झालं तर आधी गट लावा, जात नंतर. डोक्याच्या मागच्या बाजूला दोन फिकट पिवळे डाग आहेत का, जबड्याला किती दात आणि कसे, डोकं गुळगुळीत की खडबडीत, स्पर्शिका 10 भागांची की कमी. एवढ्यावर गट ठरतो. फोटोवरून जात लिहू नका. 'एनिक्टस, सिलोनिकस गट' ही प्रामाणिक आणि पूर्ण उपयोगी नोंद आहे.

रानवाट

एक शंका. जुन्या याद्यांत एनिक्टिनी, सेरापॅकिनी, एसिटोनिनी अशी उपकुलं वेगळी दिसतात. आता सगळीकडे डोरायलिनी. नक्की काय झालं?

कीटकवही

2014 मध्ये ब्रेडी, फिशर, शुल्ट्झ आणि वॉर्ड यांनी डीएनएवरून दाखवलं की ही आणि यांच्यासारखी मिळून सहा उपकुलं एकाच फांदीवर आहेत आणि त्यांच्यातल्या सीमा टिकत नाहीत. म्हणून सगळी डोरायलिनीत घेतली. त्यानंतर बोरोविएक यांनी 2016 मध्ये संपूर्ण उपकुलाची प्रजातिवार फेरमांडणी केली, 28 प्रजाती. पूर्वीच्या सेरापॅकिसची त्यात फोड झाली. आपल्याकडे दगडाखाली सापडणारी सेरापॅकिस लाँगिटार्सस आता लायोपोनेरा लाँगिटार्सस आहे. सेरापॅकिस बिरोई आता ओसेरिया बिरोई. जुनी नोंद पाहताना या दोन नावांची अदलाबदल लक्षात ठेवा, नाहीतर एकच मुंगी यादीत दोनदा येते.

दुसरा प्रश्न जास्त रंगतदार आहे. जुन्या जगातल्या डोरायलस-एनिक्टस आणि अमेरिकेतल्या एसिटॉन (Eciton) मुंग्या यांची लष्करी राहणी एकाच पूर्वजाकडून आली का? ब्रेडी यांनी 2003 मध्ये 'हो' म्हटलं, साधारण 10 कोटी वर्षांपूर्वी एकदाच. बोरोविएक यांनी 2019 मध्ये कितीतरी जास्त जनुकीय माहिती घेऊन दाखवलं की ती दोनदा, वेगवेगळी आली. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. कारण सामूहिक शिकार, भटकेपणा, पंखहीन राणी हे तिन्ही गुण एकमेकांना ओढतात. एक आला की बाकी दोन येण्यासाठीचा दाब वाढतो. पोनेरिनीतल्या लेप्टोजेनिसमध्ये आपल्या टेकडीवर तेच अर्धवट घडलेलं दिसतं.

आणि राणी पंखहीन आहे हीच वितरणाची किल्ली. नवी वसाहत होते ती जुनी दुभंगून, राणी कामकऱ्यांसोबत चालत जाते. उडून नदी ओलांडणं नाही. बेटांवर या मुंग्या दिसतात तिथे बहुतेक वेळा हिमयुगात समुद्र खाली असताना जमीन जोडलेली होती. श्रीलंका आणि सुंदा बेटं (सुमात्रा, जावा, बोर्निओ) दोन्ही तशीच. याच्या उलट ओसेरिया बिरोई. तिला राणीच नसते, कामकरी मुंग्या नराशिवाय पिल्लं देतात, त्यामुळे कुंडीतल्या मातीतून चार-पाच जणी गेल्या तरी नवी वसाहत उभी राहते. ती आशियातून जगभरच्या बेटांवर पोचली. डोरायलसच्या बाबतीत 'रोपवाटिकेतून आली असेल' हे स्पष्टीकरण जवळपास कधीच लागू पडत नाही. सगळ्या वसाहतीत राणी एक, आणि तीही खोलवर.

मृद्गंध

नकाशाबद्दल थोडं वेगळं मत मांडते. नरांच्या नोंदी टाकाऊ नाहीत. नर दिसला म्हणजे उडून येण्याच्या अंतरात वसाहत आहे, एवढं तर खात्रीने कळतं. शिवाय पावसाळ्यात कधी उडतात याची तारीखवार मालिका दुसऱ्या कशातूनच मिळत नाही.

फक्त दोन गोष्टी नोंदीत हव्यात. एक, दिवा कुठला. जुना मर्क्युरी दिवा अतिनील प्रकाश भरपूर देतो, ट्यूबलाइट थोडा, पांढरा एलईडी जवळजवळ नाहीच. रस्त्यावरचे दिवे एलईडी झाल्यावर नर दिसायचे कमी झाले म्हणून 'डोरायलस कमी झाली' असं लिहिणं चूक ठरेल. दुसरं, न दिसल्याची नोंद. चादर लावून 160 वॉटच्या मर्क्युरी दिव्यावर सात ते अकरा बसलात आणि एकही आला नाही, तर तेही तारीख, वेळ, ढग, वारा यांसह लिहा. शून्य हाही आकडाच आहे.

नर आणि कामकरी जोडायचे असतील तर डीएनए हाच खरा मार्ग. सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचा 658 बेसजोड्यांचा नेहमीचा तुकडा नरातून आणि कामकरीतून काढायचा आणि जुळवायचा. नराचा एक पाय पुरतो, बाकी नमुना पिनेवर शाबूत राहतो. मुंग्यांमध्ये सीओआयची खोटी प्रत केंद्रकातही बसलेली असते आणि ती वाचली जाऊ शकते. क्रमात मध्येच थांबण्याची खूण दिसली किंवा आलेखात दुहेरी शिखरं आली तर निकाल धरू नका, पुन्हा काढा.

कीटकवही

पटलं, ताई. नोंद ठेवा, पण नकाशावर नर आणि कामकरी वेगळ्या चिन्हाने दाखवा, माझं म्हणणं तेवढंच. 2016 च्या भारतीय मुंग्यांच्या यादीत 828 जाती-उपजाती राज्यवार दिल्या आहेत. काम मोठं आणि उपयोगाचं आहे, पण त्यात 'महाराष्ट्र' हा एकच चौकोन. सावंतवाडी आणि गडचिरोली एका खणात. आपल्याला त्याच्या आतलं हवं आहे.

सातगावकर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा असतो. काही सऱ्यांत काढणीच्या वेळी बटाट्याला भोकं आणि आत लालसर मुंग्या. शेजारी म्हणतात हुमणी (भुंगेऱ्याची मातीतली अळी), कुणी म्हणतं वाळवी. ओरिएंटॅलिस बटाटा खाते असं मी वाचलं होतं. ती असू शकते का?

सूक्ष्मदर्शी

सातगावकर दादा, प्रश्न अगदी योग्य आहे. लष्करी मुंग्यांत ओरिएंटॅलिस वेगळी आहे, कारण ती झाडांचे भूमिगत भागही खाते. आसाम आणि ईशान्येत बटाट्याची कीड म्हणून तिची नोंद आहे. भुईमूग, रताळं, कोबीवर्गीय पिकं, उसाची बेणं यांचंही नुकसान करते. पण भोकात मुंगी सापडली म्हणून भोक मुंगीनेच पाडलं असं नाही. आधी भोक वाचा.

हुमणीचा खड्डा रुंद, उथळ, वेडावाकडा असतो, जणू चमच्याने ओरबाडला. वाळवी असेल तर आत मातीचं अस्तर मिळतं आणि बहुधा बेण्याचा जुना तुकडा आधी पोकळ झालेला असतो. कंद पोखरणारी पाकोळीची अळी डोळ्यापाशी शिरते, तोंडाशी काळसर विष्ठा आणि जाळं सोडते. तारअळीचं भोक पेन्सिलच्या शिशाएवढं, सरळ आणि स्वच्छ. डोरायलसचं भोक गोल असतं, आत कंद पोखरत जातं आणि बाहेरून दिसतो त्यापेक्षा आतला पोकळपणा जास्त असतो. भोकं कंदाच्या खालच्या बाजूलाही असतात, कारण ती खालूनच येते.

आता मुंगी. संध्याकाळी उशिरा किंवा सकाळी उजाडायच्या आत सरी उकरा. कंद मातीसकट उचलून लगेच पांढऱ्या ताटात ठेवा. डोरायलस उजेड लागताच मिनिटाभरात मातीत दडते, उन्हात उकरलं तर हाती काहीच येत नाही. ताटातल्या मुंगीला डोळा आहे का, कंबरेला गाठी किती, स्पर्शिकेच्या टोकाला गदा आहे का, एवढं मोबाइलच्या भिंगाने पाहून इथे लिहा. औषध तोवर टाकू नका. वसाहत शेताच्या बाहेर, दोन-तीन फूट खोल असू शकते. वरून ओतलेलं तिथे पोचत नाही आणि मातीतले भक्षक कीटक मात्र मरतात.

पिनकार्ड

शेतात किंवा टेकडीवर डोरायलस शोधायची सगळ्यात भरवशाची पद्धत तेलाची आहे. वाइसफ्लोग आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये आग्नेय आशियात लेव्हिगॅटससाठी पाम तेल वापरून ती प्रसिद्ध केली. बेरघॉफ यांचं पुढचं काम त्याच पद्धतीवर उभं आहे. इथल्या मातीत करायची तर अशी.

दोन लिटरची प्लॅस्टिकची जाळीदार टोपली घ्या, भोकं तीन ते पाच मिलिमीटर. वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल खड्डा, टोपली त्यात घट्ट बसेल एवढाच. निघालेली माती चाळून, ढेकळं फोडून त्यात शंभर मिलि पामोलिन कालवा आणि टोपली त्याने भरा. तोंड जमिनीच्या पातळीला, वर झाकण, त्यावर जड सपाट दगड. दगड विसरू नका. तेलाच्या वासाने कुत्री आणि रानडुकरं एका रात्रीत उकरतात. टोपल्यांत पाच ते दहा मीटर अंतर, एका जागी निदान दहा, त्यांतल्या दोन बिनतेलाच्या, तुलनेसाठी. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पाहा, मग दर आठवड्याला, दीड-दोन महिने. दर दोन आठवड्यांनी पन्नास मिलि तेल वरून.

पाहताना टोपली झटकन वर काढून ताटात उपडी करा. एकाने ताट पाहायचं आणि दुसऱ्याने त्याच क्षणी खड्ड्याच्या भिंती. डोरायलस बाजूच्या बोगद्यांतून येते, भिंतीत बोगद्यांची गोल तोंडं दिसली आणि त्यात मुंगी मागे सरकताना दिसली की काम झालं. बोगद्याची खोली मोजून लिहा.

काय बिघडतं ते सांगतो. खोबरेल वापरू नका. साधारण 24 अंशांखाली ते गोठतं आणि पुण्यात ऑक्टोबरनंतर रात्री तेच होतं. शेंगदाणा तेल खवट होऊन माती बुरशीने पांढरी पडते. काळ्या मातीत जोराच्या पावसात टोपलीत पाणी साचतं, तेल तरंगून निघून जातं आणि नंतर ऊन पडलं की भेगांमुळे टोपलीभोवती पोकळी राहते. तिथे उतारावरची, मुरमाड जागाच निवडा. चौथी अडचण म्हणजे फेडोली (मोठ्या डोक्याच्या सैनिक असलेली नेहमीची बारकी मुंगी) आणि कॅरेबारा. त्या वरून येऊन तेल ताब्यात घेतात. टोपलीत मुंग्या पुष्कळ आहेत म्हणून खूश होऊ नका, डोळे पाहा.

एनिक्टस मात्र तेलावर येत नाही, ती दुसऱ्या मुंग्यांची अंडी-अळ्या लुटते. तिच्यासाठी पावसाळ्यात टेकडीवर फेडोलीच्या बिळांवर नजर ठेवा. फेडोली आपली पिल्लं तोंडात धरून बिळातून बाहेर पळत गवताच्या पात्यांवर चढताना दिसली तर आत हल्ला चालू आहे. तीन-चार मिनिटं थांबा, सडपातळ, एकसारख्या मुंग्यांची बारीक रांग लूट अंगाखाली धरून परत जाताना दिसेल. त्या रांगेमागे जा. फिलिपिन्समध्ये श्नाइर्ला यांनी लेव्हिसेप्सचं चक्र मोजलं होतं, सुमारे 14 दिवस भटकंती आणि 28 दिवस मुक्काम. म्हणजे एखाद्या दगडाखाली मुक्काम सापडला तर तो दगड जसाच्या तसा ठेवा, पुढचे काही दिवस ती जागा पुन्हा पाहता येते.

रानवाट

नमुने जपायचे कसे? इथेनॉल सहज मिळत नाही.

पिनकार्ड

प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. 99 टक्क्यांचं आणून शंभर मिलित साधारण चाळीस मिलि ऊर्ध्वपातित पाणी घातलं की सत्तर टक्क्यांच्या आसपास येतं, पिनेवर लावायच्या मुंग्यांसाठी ते उत्तम. डीएनएसाठी मात्र 95 टक्के इथेनॉलच, संस्थेमार्फत, आणि थंड जागी. सॅनिटायझर अजिबात नको, त्यातला चिकट पदार्थ केसांवर आणि खाचांवर बसतो आणि नेमकी तीच लक्षणं बुजतात.

चिठ्ठी कुपीच्या आत टाका, बाहेर चिकटवू नका. जाड कागद आणि पेन्सिल. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. लावताना दहा मिलिमीटर लांब, पायाशी तीन मिलिमीटर रुंद अशा त्रिकोणी कार्डाच्या टोकावर पाण्यात विरघळणारा डिंक घ्या आणि मुंगी मधल्या-मागच्या पायांच्या बुंध्यापाशी टेकवा. डिंक कंबरेला लागला तर गाठ झाकली जाते आणि नमुना ओळखण्यापुरता निकामी. एका वसाहतीतून आठ-दहा मुंग्या पुरेत, पण त्यात सगळी मापं यायला हवीत.

वनखात्याच्या जमिनीवर आणि ताम्हिणीसारख्या अभयारण्यात गोळा करायला लेखी परवानगी लागते, नमुने देशाबाहेर पाठवायला जैवविविधता कायदा, 2002 लागू होतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे, जपलेले नमुने अशा सार्वजनिक संग्रहात असणंच बरं.

सातगावकर

सांगितलं तसं पहाटे उकरून पाहिलं. मुंगी लालसर-तपकिरी, वेगवेगळ्या मापाच्या. बारीक काळा डोळा दिसतो. कंबरेला दोन गाठी. स्पर्शिकेच्या टोकाचे दोन भाग जाड आहेत. हाताला डसली, चांगलीच आग झाली. काही बटाट्यांना आधीच रुंद ओरबाडा होता आणि मुंग्या त्याच्याच आत होत्या.

सूक्ष्मदर्शी

मग डोरायलस नक्की नाही, दादा. डोळा, दोन गाठी, दोन भागांची गदा आणि अशी आग, ही सोलेनॉप्सिस जेमिनाटा दिसते. एका मोठ्या मुंगीच्या स्पर्शिकेचे भाग मोजा, 10 आले तर शंका उरत नाही. ती कंद खातेच, पण तुमच्या वर्णनावरून पहिली जखम हुमणीची आहे आणि मुंगीने ती वाढवली. त्यामुळे आधी हुमणीकडे बघा. सरीच्या एक मीटर लांबीत एक फूट खोल उकरून अळ्या मोजा, निदान दहा ठिकाणी. तो आकडा आणि दोन-चार कंद घेऊन नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

मुंगीसाठी सरीला मातीची भर नीट द्या, कंद उघडे पडू देऊ नका, काढलेला बटाटा रात्रभर शेतात ठेवू नका. बांधावरच्या भुसभुशीत मातीच्या वारुळांच्या जागा खुणेने लावून ठेवा, नांगरटीत ती मोडतात. उकरताना गमबूट आणि हातमोजे घाला.

कीटकवही

दादांची नोंद मी 'सोलेनॉप्सिस, खात्री बाकी' म्हणून वेगळ्या रकान्यात घेतो. मुख्य तक्त्यात रकाने असे ठेवले आहेत: तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आणि ते किती मीटरपर्यंत खरे, उंची, माती, खोली, नर की कामकरी, दिवा की तेल की दगडाखाली, मोठ्या कामकरीच्या स्पर्शिकेचे भाग, फोटो तीन बाजूंनी म्हणजे डोकं समोरून, अंग बाजूने, पाठ वरून, शेजारी एक मिलिमीटरचा आलेख कागद. कुपी ठेवली असेल तर तिचा क्रमांक.

फोरेलच्या काळातल्या 'पूना'चे नमुने या तक्त्यात घेताना मी अचूकतेच्या रकान्यात वीस किलोमीटर लिहितो आहे. गाव, लष्कर, किरकी (खडकी) की जिल्हा, चिठ्ठीवरून कळत नाही. कुणाला याहून कमी धरावं असं वाटत असेल तर कारणासह लिहा. टेकडीवाला, वेताळ टेकडीच्या खाणीकडची मुरमाड उताराची बाजू टोपल्यांसाठी योग्य वाटते, आधी परवानगीचा अर्ज करू, मग दहा टोपल्यांची आखणी इथेच टाकतो.

टेकडीवाला

अर्जाचा मसुदा मी करतो. टोपल्या खाणीच्या पाण्यापासून निदान पन्नास मीटर लांब ठेवू, तेल पाण्यात उतरायला नको. काम संपल्यावर तेलकट मातीसुद्धा परत आणावी लागेल, ती तिथेच पसरून चालणार नाही. हे अर्जातच लिहितो.